फळ्यावरचे सातशे साठ

सर प्रयोगशाळेत शिरण्याआधी दारात उभे राहून ऐकायचे. डोळे मिटलेले, उजवा हात वर आणि आतली मुलं जागच्या जागी थिजलेली. नळाचं पाणी, बर्नरची फुसफुस, बाहेर मैदानावर चाललेला आरडाओरडा, या सगळ्यातून त्यांना एकच आवाज वेगळा काढायचा असायचा. कुठल्या तरी रबरी नळीतून आत शिरणाऱ्या हवेचा. "तिसऱ्या टेबलावर गळतंय," असं जाहीर करून मगच ते छत्री खुंटीला अडकवत. बहुतेक वेळा तिथं खरंच गळत असायचं. नसलं तरी ते ऐकून तिसऱ्या टेबलावरची मुलं इतकी घाबरून नळ्या चाचपायची की एखादी निघून यायचीच.

मी तिथं रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहायक होते. जुन्नरमधलं कॉलेज, नव्वदीची मधली वर्षं. मी बावीस वर्षांची, लग्नाला सात महिने झालेले आणि नेमणूक एका वर्षाची, तात्पुरती. वर्ष नीट गेलं तर कायम करू असं प्राचार्य म्हणाले होते. घरी सासूबाईंनी त्यावर आपली अट घातली होती. "कायम झालीस तर कर नोकरी. न्हाई झालीस तर जूनपास्नं घरात बसायचं. एक वरीस हिथं, एक वरीस तिथं, असलं मला चालनार न्हाई." म्हणजे माझ्या हातात एक वर्ष होतं आणि त्या वर्षात काहीही फुटता, सांडता, हरवता कामा नये होतं. मी सगळ्याच्या याद्या करायला लागले ते तेव्हापासून. काचसामानाची यादी, फुटलेल्याची यादी, फुटेल असं वाटतं त्याचीही यादी.

आणि नशिबानं मला मिळाले ते हे सर, ज्यांचा सगळ्यात आवडता प्रयोग म्हणजे बाष्पदाब.

"द्रव बाहेर पडायला बघतोय," ते मुलांना सांगत. "किती जोरानं बघतोय, एवढंच आपल्याला मोजायचंय. त्याला मदत करायची नाही, अडवायचंही नाही."

ऐकायला सोपं वाटतं. काचेचा लिंबाएवढा फुगा, त्याला जोडलेली इंग्रजी यू अक्षरासारखी बारीक नळी, त्यात ॲसिटोन. ते सगळं पाण्याच्या भांड्यात लटकवायचं. तिथून रबरी नळी पाऱ्याच्या दाबमापकाला आणि पुढं नळाला लावलेल्या पंपाला. नळ जोरात सोडला की वाहतं पाणी आतली हवा ओढून नेतं, ॲसिटोन त्या ओढीनं उकळतं आणि फुग्यातली हवा हाकलून देतं. मग बाहेरची हवा कणाकणानं आत सोडत, यू नळीच्या दोन्ही बाजूंना ॲसिटोन एका पातळीत आणायचं आणि पारा वाचायचा. त्या दिवशीच्या वातावरणाच्या दाबातून पाऱ्याचा फरक वजा केला की उरतो तो ॲसिटोनचा बाष्पदाब. हवा जरा घाईनं आत सोडली तर ती फुग्यात शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

यातली प्रत्येक पायरी माझ्या 'फुटेल असं वाटतं'च्या यादीत होती. पंप चालायचा तो गच्चीवरच्या टाकीवर. खालच्या मजल्यावर कुणी हात धुतले तरी धार बारीक व्हायची आणि नळाचं पाणी उलटं नळीत चढायला लागायचं. म्हणून प्रयोगाच्या दिवशी आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, खाली नळापाशी स्टूल टाकून बसायचे.

"मामा, आम्ही प्यायचं पाणी तरी घेऊ का?" मुलं विचारायची.

"नगा घिऊ. वरती सायबांचा पारा चढलाय."

"चढलाय कोण, पारा की सर?"

"दोनी."

पाऱ्याची आणखी एक भानगड होती. सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं. त्यामुळं प्रयोगशाळेच्या दाराशी सरांनी एक पत्र्याचा डबा ठेवला होता. अंगठ्या, कानातलं, साखळ्या, सगळं त्यात काढून ठेवल्याशिवाय आत प्रवेश नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गळ्याकडं पाहिलं आणि डबा पुढं केला.

"सर, मंगळसूत्र आहे."

"पाऱ्याला ते कळत नाही, बाई."

शेवटी मी नुसत्या काळ्या मण्यांची एक सर ओवून घेतली. ती घालून यायची आणि वाट्यांचं मंगळसूत्र घरी कपाटात. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मास्तरची बायकू घालती का न्हाई, इचार एकदा." मी विचारलं नाही.

सरांना गोल आकड्यांचा राग होता. एखाद्या मुलाचं उत्तर बरोब्बर दोनशे नव्वद आलं की ते वहीला हात लावत नसत. "पुन्हा करा. निसर्गाला शून्यं आवडत नाहीत." पारा वाचताना ते मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवायचे आणि पारा स्थिर होईपर्यंत कुणाला बोलू द्यायचे नाहीत. किती वेळ थांबायचं, असं मी एकदा विचारलं होतं. "घाई पाऱ्याला नसते," ते म्हणाले. मला मात्र असायची. टाकी रिकामी होत चाललेली असायची.

आणि वातावरणाचा दाब. पुस्तकात तो सातशे साठ मिलिमीटर दिलेला असतो. पण ते समुद्रकाठचं. आपण जसजसे वर जाऊ तसतशी डोक्यावरची हवा कमी आणि दाबही कमी. जुन्नरला पारा सातशेच्या आसपास उभा राहतो. वायुभारमापक होता मैदानापलीकडं, भौतिकशास्त्राच्या खोलीत. दर प्रयोगाला प्रत्येक मुलानं स्वतः तिथं चालत जाऊन तो वाचून यायचा, असा सरांचा नियम. शेजाऱ्यानं वाचलेला चालणार नाही. उन्हातून जाऊन आलेली मुलं कुरकुरायची, "सर, मगाशी हाच तर आकडा होता."

"मगाशी तो त्याचा होता."

हा विषय त्यांच्या डोक्यात इतका होता की एका रविवारी त्यांनी मला आणि तळेघरकडच्या हिरा नावाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीला बरोबर घेऊन उकळत्या पाण्याचा दौरा काढला. बरोबर एक पितळी किटली, स्टोव्ह आणि दशांश दाखवणारा थर्मामीटर. पाणी उकळतं तेव्हा त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेएवढा झालेला असतो, म्हणजे उकळण्याचं तापमान नीट वाचलं की तिथला दाब कळतो. वायुभारमापक उचलून नेता येत नाही, किटली नेता येते. पहाटे जुन्नरला पाणी अठ्ठ्याण्णवच्या जरा खालीच उकळलं. ओझरला देवळापासून थोडं लांब, एका हॉटेलच्या ओट्यावर स्टोव्ह मांडला, तर दर्शनाला आलेली माणसं चहा मिळतोय समजून रांगेत उभी राहिली. सरांनी कुणाला हाकललं नाही. ओळीनं सगळ्यांना थर्मामीटर दाखवला.

दोन एसट्या बदलून आणि पुढं बरंच चालून दुपारी हिराच्या घरी पोचलो. तिच्या वडलांनी किटलीत डोकावून पाहिलं.

"शंभरला उकाळतं म्हनतात ना पानी?"

"तुमच्याकडं सत्त्याण्णव आलं," सर म्हणाले.

"मंग येंत्र बिघाडलं आसंल, राव."

चुलीपाशी बसलेली हिराची आई म्हणाली, "आमच्यात डाळ लवकर शिजत न्हाई. वरनं खाली दिलेल्या पोरी सांगत्यात, तिकडं बिगी शिजती. त्ये ह्याच्यामुळं व्हय?"

सर ताडकन उभे राहिले. डोकं वाशाला आपटलं. "बाई, लिहा! लिहून घ्या हे!" मी लिहून घेतलं. नंतर नाचणीची भाकरी आणि ती उशिरा शिजणारी डाळ आम्ही पोटभर जेवलो. निघताना आईनं माझा हात धरला. "पोरीवर ध्यान ठिवा. आमच्या वाडीतनं सायन्सला ही पयलीच हाय." मी हो म्हणाले.

म्हणजे जुन्नरला सातशे साठ नसतात हे त्या सबंध तालुक्यात सरांच्या खालोखाल मलाच पक्कं ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्याला अज्ञान हे कारण नव्हतं.

मार्चमध्ये विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक आले. सकाळच्या तुकडीत सहा मुलं. तिघांना बाष्पदाब, तिघांना दुसरा प्रयोग. बाष्पदाबात हिरा होती आणि दोन मुलगे. त्याच दिवशी भौतिकशास्त्राचीही परीक्षा होती, त्यामुळं मुलांना तिकडं सोडता येणार नव्हतं. सरांनी आदल्या दिवशी मला सांगितलं, "बाई, नियम मोडावा लागतोय. उद्या तुम्ही वाचून या आणि फळ्यावर लिहा."

माझी त्या दिवसाची यादी चौदा कामांची होती. टाकी भरणे, मामांचं स्टूल, डबा, ॲसिटोन, थर्मामीटर, सांडलेल्या पाऱ्यावर टाकायला गंधक. नववं काम, वायुभारमापक वाचून फळ्यावर लिहिणे. मी साडेसातला मैदान ओलांडून गेले. तिथले सर मुलांना सूचना देत होते. "मॅडम, अर्ध्या तासानं या." परत आले तर परीक्षा सुरू झालेली.

हिरा म्हणाली, "मॅडम, फळ्यावर दाब लिवल्याला न्हाई."

परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंडी परीक्षा घ्यायला ते सरांसह शेजारच्या खोलीत गेले; वेळ संपेपर्यंत दोघं तिथंच होते. जागा मोकळी दिसू नये म्हणून मी पुस्तकातला आकडा लिहिला, ७६०. अर्ध्या तासानं जाऊन खरा आणू आणि बदलू. आणि यादीत नवव्या कामापुढं खूण केली. माझं असं आहे, खूण झाली की ते काम माझ्या डोक्यातून पुसलं जातं. तेवढ्यात एका टेबलावर धार बारीक झाली, पाणी चढायला लागलं, मी धावले. मग थर्मामीटर फुटला. मग आणखी काही. साडेअकराला वेळ संपली. चौदावं काम होतं फळा पुसणे. मी फळा स्वच्छ पुसला.

परीक्षकांनी उत्तरपत्रिका चाळल्या आणि तीन बाजूला काढल्या.

"हे तिघं उभे राहा. जुन्नरचा दाब सातशे साठ? समुद्र कुठल्या बाजूला आहे इथं?"

"तिघांचंही उत्तर साठनं जास्त. प्रयोग केला असता तर बॅरोमीटर वाचला असता. म्हणजे आकडे घरून आले."

"न्हाई सर, प्रयोग केलाय," एक मुलगा म्हणाला. "फळ्यावर व्हतं सातशे साठ. चुकलंय वाटलं, पन परीक्षेत फळ्यावरचंच घ्यायचं व्हतं."

परीक्षकांनी फळ्याकडं पाहिलं. माझा फळा चकाचक होता.

"कुठं आहे?"

हिरानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मुलगेही गप्प झाले. मॅडमचं नाव घ्यायचं कसं, असा त्यांना पेच पडला असावा.

"कॉपीचा अहवाल पाठवावा लागेल," परीक्षक सरांना म्हणाले. "तिघांचं वर्ष जाईल. माझा इलाज नाही."

सरांना ठाऊक होतं. त्यांनीच मला ते काम सांगितलं होतं. मला वाटलं, आता ते बोलतील. ते म्हणाले, "फळ्याबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर ऐकू या. थांबू या जरा." आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं.

नळ बंद केलेला होता तरी थेंब थेंब गळत होता. मी तो आवाज ऐकत होते. प्राचार्यांपुढं फाइल जायला आता थोडेच दिवस उरले होते. परीक्षेत चुकीचा आकडा लिहिणाऱ्या सहायकाला कोण कायम करील? जून. सासूबाई. घर. मी मनात हिशेब मांडला की दुसऱ्या तिघांची टेबलं भिंतीकडं तोंड करून आहेत, त्यांनी फळा पाहिला नसणार. मामा खाली होते. तिघं नाव घेत नाहीत. सर बोलत नाहीत. म्हणजे मी गप्प राहिले तर काहीच होणार नाही. मला काहीच होणार नाही. हिरा अंगठ्यावरची शाई नखानं खरवडत होती. खरवडून निघत नव्हती तरी खरवडत होती.

"मी लिहिलं होतं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की परीक्षकांनी "काय?" विचारलं आणि मला ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं.

त्यांनी ते लेखी मागितलं. मी लिहून दिलं. मग सर आणि परीक्षक मैदान ओलांडून गेले, वायुभारमापक वाचून आले. सहाशे नव्याण्णव. प्रत्येकानं वाचलेला पाऱ्याचा फरक मुळात वेगवेगळा होता, ज्याचा त्यानं मोजलेला. त्या आकड्यातून तो वजा केल्यावर तिघांची उत्तरं जिथं यायला हवी तिथं आली, तीही तीन निरनिराळी. परीक्षक म्हणाले, "ठीक आहे," आणि अहवालाचा कागद फाडून टाकला. हिरा जाताना दारात थांबली, डब्यातली आपली कानातली फुलं घेतली आणि गेली.

परीक्षक गेल्यावर मी सरांवर चिडले. नोकरीत पहिल्यांदाच. "सर, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही का नाही सांगितलं?"

"काय सांगणार? मी तुम्हाला काम सांगितलं एवढंच मला माहीत होतं. लिहिताना मी पाहिलं नव्हतं."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"आणखी थांबलो असतो."

"किती?"

त्यांनी खरोखर विचार केला. "परीक्षकांची एसटी अडीचला होती."

मला कायम केलं नाही. प्राचार्य चांगलं बोलले, पण माझा लेखी जबाब फाइलला लावलेला होता आणि तो त्यांना काढता येत नव्हता. सरांनी माझ्यासाठी शब्द टाकला की नाही, मला कधी कळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "परीक्षेत पोरं नापास व्हत्यात. तू परीक्षा घेनाऱ्यात असून झालीस." आणि जूनपासून मी घरात बसले.

बसले म्हणजे स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आत काय, कधी भरलं, कधी संपेल. पंधरा दिवसांत सासूबाईंना त्यांच्याच घरात मीठ सापडेना, कारण मी ते अक्षरांच्या क्रमानं मागं नेलं होतं. "हिला कुटंतरी कामाला लाव रं बाबा," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "न्हाईतर माझ्या कपाळाला चिठ्ठी लावंल."

म्हणून ऑगस्टमध्ये मंचरकडच्या एका दूध संकलन केंद्रात तपासणीसाठी माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा त्याच मला जा म्हणाल्या. मी दाखला मागायला सरांकडं गेले. दारात उभी राहिले तर आत नवी सहायक होती आणि सर डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या दाखला लिहिला. मी वाचला. काम नीटनेटकं, नोंदी बिनचूक, वर्षभरात काचसामानाची हानी पूर्वीपेक्षा कमी. सगळं चांगलं. आणि शेवटी: "मार्चच्या परीक्षेत यांनी फळ्यावर दाबाचा चुकीचा आकडा लिहिला. विचारणा झाल्यावर चार मिनिटांनी तो आपण लिहिल्याचे स्वतःहून सांगितले."

"सर, हे शेवटचं काढा ना."

"चुकीचं आहे का?"

"नाही, पण..."

"मग वरचं कोण खरं मानील?"

दुसरा दाखला मागायला वेळ नव्हता आणि त्यांच्यापुढं बोलायची सोयही नव्हती. एसटीत मी तो कागद चार वेळा उघडला. शेवटची ओळ दुमडून घडीत जाते का तेही पाहिलं. जात नव्हती.

केंद्राचे व्यवस्थापक टेबलामागं बसले होते. त्यांनी दाखला दोनदा वाचला.

"ही शिफारस हाय का तक्रार?"

"शिफारस आहे, साहेब."

"चार मिनिटं काय करत व्हता?"

"नोकरी जाईल म्हणून गप्प होते."

"मंग गेली का?"

"गेली."

ते खुर्चीत जरा पुढं सरकले. "मॅडम, हितं रोज कुनाच्या ना कुनाच्या दुधात पानी सापडतं. सापडलं की मान्सं घरापत्तुर येत्यात. पाव्हनं असत्यात, गाववाले असत्यात. म्हनत्यात, येवडा एक दिस गप ऱ्हावा. तुमी किती येळ गप ऱ्हाल?"

मला पटकन काही तरी छान उत्तर द्यायचं होतं.

"आत्ता सांगता येणार नाही, साहेब," मी म्हणाले. "वेळ आल्यावरच कळेल."

त्यांनी दाखल्याची घडी घालून टेबलाच्या खणात टाकली. "मंग उद्या पहाटं पाचला या."

पाचला पोचेल अशी एकही एसटी जुन्नरहून सुटत नव्हती. मी हो म्हणाले.